वर्णन केलं की चित्र 'पक्कं' होतं?

स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या क्लासांच्या पत्रकांवर एक सल्ला ठरलेला: मुलांना रोज एक चित्र दाखवा, मग चित्र झाकून वर्णन करायला लावा, म्हणजे ते मेंदूत पक्कं बसेल. पालकसभेतही हेच कानावर पडतं, तेही इतक्या ठामपणे की पक्कं बसतं ते नेमकं काय, हे विचारायची सोय उरत नाही.

बसतात ते आपण वापरलेले शब्द. चित्राचा भरवसा नाही.

वर्तमानपत्रातलं 'हरवले आहेत'चं निवेदन घ्या. रंग सावळा, चेहरा उभट, नाक सरळ, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट. यातला एकही शब्द खोटा नसतो. पण सोबतचा फोटो झाका, की याच वर्णनाची माणसं पुढच्या लोकलच्या एका डब्यात पाच-सहा तरी निघतील. चेहरा आपण सुटं नाक, सुटे डोळे मोजून ओळखत नाही, सगळा मिळून ओळखतो, आणि त्या 'सगळा मिळून'चं वर्णन करायला बसलं की पेन अडतं.

अमेरिकेत जोनाथन स्कूलर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच अडचणीवर आहे. लोकांना बँक दरोड्याची छोटी चित्रफीत दाखवली. काहींना दरोडेखोराचा चेहरा पाच मिनिटं लिहून काढायला सांगितलं, बाकीच्यांना भलतंच काम दिलं. मग आठ फोटोंतून तो ओळखायचा होता. भलतं काम केलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी त्याला बरोबर ओळखलं, वर्णन लिहिणाऱ्यांपैकी अवघ्या ३८ टक्क्यांनी.

एका प्रयोगाचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. रास्त आहे. म्हणूनच २०१४मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला. ओळखण्याच्या ऐन आधी वर्णन करायला लावलं तेव्हा फरक सुमारे १६ टक्क्यांचा आला; फीत बघितल्याबरोबर वर्णन आणि मग मध्ये वेळ जाऊ दिला, तर जेमतेम ४. म्हणजे परिणाम मूळ आकड्याहून लहान आहे, पण आहे. आणि तो पत्रकातल्या दाव्याच्या उलट्या दिशेला आहे!

असं का व्हावं? हातातलं काम होईपर्यंत माहिती धरून ठेवते ती कार्यस्मृती. तिचं जे प्रारूप मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि हिच यांनी १९७४मध्ये मांडलं, त्यात शब्दांची सोय वेगळी आणि दृश्याची वेगळी. चित्राला नाव सापडलं की माणूस शब्दावर विसंबतो, दृश्याकडे दुर्लक्ष होतं. १९९२च्या एका अभ्यासात चित्रं बघताना लोकांना निरर्थक अक्षरं पुटपुटत ठेवलं, म्हणजे मनात नाव घ्यायला जागाच ठेवली नाही. नंतर त्याच चित्रातला एक भाग मनातल्या मनात वजा करून उरलेला आकार ओळखणं त्यांना अधिक जमलं.

याचा अर्थ वर्णन वाईट, असा मुळीच नाही. ज्याला नेमका शब्द आहे तिथे ते उपयोगीच पडतं: रंग बघताना त्यांची नावं मोठ्याने घेतली तर ते जास्त चांगले लक्षात राहतात, असं २०१७च्या प्रयोगांत दिसलं. शाळेतल्या चित्रवर्णनाने भाषाही सुधारते. मग ते भाषेसाठी करा ना, स्मरणशक्तीच्या नावाने फी कशाला?

आता बाकीचे गैरसमज, पटापट.

रोजच्या वर्णनाने कार्यस्मृती मोठी होते: ज्याचा सराव केला तेवढं काम जमू लागतं, त्याहून वेगळ्या कामांत फायदा उतरल्याचा भक्कम पुरावा नाही.

डोक्यात एका वेळी सात गोष्टी मावतात: सात हा आकडा १९५६चा, घोकंपट्टी आणि गट पाडणं रोखलं की चारच्या आसपास उरतात.

आमचा मुलगा 'व्हिज्युअल लर्नर' आहे: त्यानुसार शिकवलं तर जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा २००८च्या आढाव्यात सापडला नाही.

बोलायला लागलं की डोळ्यांपुढचं चित्र पुसलं जातं: ली ब्रुक्स यांनी १९६८मध्ये लोकांना एक ठसठशीत अक्षर मनात धरून त्याच्या एकेका कोपऱ्याबद्दल हो किंवा नाही असं उत्तर द्यायला लावलं. तोंडाने सांगणं त्यांना सोपं गेलं. अडखळले ते कागदावर विखुरलेली उत्तरं शोधून बोट दाखवताना.