काळी पडलेली अंडी चुरगाळू नका

मंगळवेढा तालुक्यात भीमाकाठच्या उसात पानामागे काळ्या अंड्यांचा पुंजका दिसला, की ते पान खुडून चुरगाळायचा मोह होतो. किडीची अंडी पिकली, आता अळ्या सुटणार, ही त्यामागची समजूत. बहुतेक वेळा मरतो तो आपलाच मित्र.

खोडकिड्याची मादी पतंग पानाच्या खालच्या अंगाला चपटी, पांढरट अंडी ओळीने, एकावर एक चढवून घालते. अळी बाहेर पडायच्या आधी अंड्यात तिचे डोके काळ्या ठिपक्यासारखे दिसते, बाकी अंडे फिकटच राहते. अख्खे अंडे एकसारखे काळे झाले असेल, तर आत खोडकिड्याची अळी नाही. तिथे ट्रायकोग्रामा वाढते आहे.

हा कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. गांधीलमाशीच्या गणातला, म्हणून तो चावेल, डंख मारेल अशी भीती काहींना वाटते. ट्रायकोग्रामाच्या सुईने माणसाची कातडी भेदली जात नाही. ती सुई पतंगाच्या अंड्यासाठी आहे. मादी अंड्यावर चढते, मिशांनी ते चाचपते, त्याच्या आकाराचा अंदाज घेते आणि मग भोक पाडून आत स्वतःचे अंडे ठेवते. यजमान अंडे मोठे असेल तर एकाहून अधिक. पिल्लू आतला ऐवज खाते, तीन-चार दिवसांत अंडे काळे पडते आणि साधारण आठ-दहा दिवसांत प्रौढ माशी गोल भोक पाडून बाहेर येते. फलित अंड्यांतून माद्या, अफलित अंड्यांतून नर. याच कुळातल्या मेगाफ्राग्मा माश्या तर ०.२ मिलिमीटरच्या, त्यांच्या मेंदूतल्या बहुतेक पेशींत केंद्रकच उरत नाही, हे २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. इतक्या तुटपुंज्या शरीरात उडणे, शोधणे, निवडणे सगळे बसते, याचे मला फार नवल वाटते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच: ट्रायकोग्रामाने व्यापलेल्या अंड्यांचे ट्रायकोकार्ड शेतात लावले की सगळ्या किडी गेल्या. ट्रायकोग्रामा फक्त अंडी मारते, तीही मुख्यतः पतंगवर्गीय किडींची. अळी खोडात शिरून पोंगा वाळला, मग कार्ड लावून उपयोग नाही. पतंग दिसू लागताच कार्ड लावायचे. ज्वारीवर मावा येऊन चिकटा पडला, तर तिथेही या कार्डाचे काम नाही. माव्यासाठी ढालकिडे आणि क्रायसोपा आहेत.

हरभऱ्यातली गोष्ट अधिक बारीक आहे. घाटे अळी पतंगवर्गीयच, तिची अंडी ट्रायकोग्रामाला चालतात. पण हरभऱ्याच्या पानांवरच्या केसांतून आंब पाझरते. तिच्यातल्या आम्लांमुळे ही चिमुकली माशी त्या पानांवर नीट वावरू शकत नाही. तुरीच्या शेंगांवरच्या लवेतही तिची अशीच अडचण होते. हरभऱ्यात खरी मदत कॅम्पोलेटिस या दुसऱ्या, मोठ्या परोपजीवी माशीची होते. ती लहान अळीत अंडे घालते; अळी मेली की पानावर छोटा पांढुरका कोष दिसतो. तोही खुडू नये.

२०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकातून महाराष्ट्रात आली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर पोहोचली. तिची मादी अंड्यांचे थर रचते आणि वरून अंगाचे खवले पसरते. त्यामुळे ट्रायकोग्रामाला आतल्या अंड्यांपर्यंत पोहोचणे कठीण जाते. टेलेनोमस ही दुसरी सूक्ष्म माशी तिथे सरस ठरते. किडीप्रमाणे मित्र निवडावा लागतो, तो असा.

कार्डात रसायन असते, असेही कोणी म्हणतात. कार्डावर चिकटवलेली असतात ती धान्यातल्या कॉर्सिरा पतंगाची अंडी; अतिनील किरणांनी निर्जीव केलेली, ट्रायकोग्रामाने आधीच व्यापलेली. एका कार्डावर सुमारे २० हजार. प्रयोगशाळेत हा पतंग भरडलेल्या धान्यावर वाढवतात, त्यात ज्वारीचा भरडाही असतो. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच पिकाचे धान्य इथे पिकाच्या राखणदारांना पोसायच्या कामी येते, हे मला सुंदर वाटते.

एकदा सोडले की झाले, हेही खरे नाही. प्रौढ माशी थोडेच दिवस जगते. म्हणून उसात हेक्टरी सुमारे ५० हजार परोपजीवी, दहा-दहा दिवसांनी पुन्हा सोडायची शिफारस आहे. कार्डाच्या पट्ट्या कापून सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात. भर उन्हात माश्या मरतात, मुंग्या लागल्या तर कार्डावरची अंडी फस्त होतात. कार्ड घेताना त्यावरची माश्या बाहेर पडण्याची तारीख आधी पाहावी. ती उलटून गेली असेल तर हाती येतात नुसती टरफले. बांधावर धने फुलू दिले, तर माशीला मधुरस मिळतो आणि ती जास्त दिवस टिकते. आणि कार्ड लावण्याच्या आधी-नंतरच्या काही दिवसांत कीटकनाशक फवारले, तर पैसे दोन्हीकडून वाया जातात.