लाळ तपासणे सोपे कसे झाले?

लाळ तपासायची तर नळीत थुंकले की झाले, असे वाटते. पण आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची अडचण तिथूनच सुरू होते. लाळ चिकट असते, पिपेटमध्ये नीट ओढली जात नाही. तिच्यातली काही विकरे विषाणूचा आरएनए तोडतात. काडीने नाकातला नमुना घ्यावा, तर प्रशिक्षित माणूस हवा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर तो रोज कुठून आणायचा?

कोविडच्या साथीत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतील डॉ. कृष्णा खैरनार व सहकाऱ्यांनी साधी युक्ती काढली. नळीतल्या मिठाच्या पाण्याने रुग्णाने १५ सेकंद गुळण्या करायच्या आणि ते पाणी त्याच नळीत टाकायचे. लाळ पातळ होते, घसाही धुतला जातो. प्रयोगशाळेत हा नमुना विशिष्ट द्रावणात ठेवून तापवतात. उष्णतेने विषाणूचे कवच फुटते, विकरे निकामी होतात. आरएनए वेगळा करणारा खर्चिक संच लागत नाही. सुमारे ३ तासांत निकाल मिळतो. मे २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या पद्धतीला मान्यता दिली.

मात्र तान्ह्या बाळाला किंवा बेशुद्ध रुग्णाला गुळण्या करता येत नाहीत. त्यांच्यासाठी काय करता येईल? हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहा.