काथ्याचा भुसा आणि घरची अळंबी

इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या परसात माड आहेत, त्यामुळे सोडण म्हणजे काय हे मी सांगायला नको. नारळ सोलला की सोडणं न्हाणीघराच्या चुलीत जातात, नाहीतर माडाच्या आळ्यात. आपल्याकडे त्यांचा एवढाच उपयोग. आता मात्र त्याच सोडणांचा भुसा दाबून, विटा करून, कोकोपीट या नावाने दुकानात येतो, आणि आपणच तो पैसे मोजून घरी आणतो. मीही आणला. घरी अळंबी लावायची तर या विटेचं काय करायचं आणि काय नाही, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मला कुणीतरी सांगितलं होतं की कोकोपीट पाणी छान धरतं आणि त्याला बुरशी लवकर लागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी वीट भिजवली, गरम पाणी ओतलं, नुसत्या भुशाच्या सहा पिशव्या भरल्या आणि त्यात धिंगरीचं बियाणं घातलं. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी दिसणारी अळंबी, बाजारात जिला ऑयस्टर म्हणतात ती. दोन पिशव्या आंबूस वासाने गेल्या. चार पांढऱ्या झाल्या, पण फार सावकाश. शेवटी चारही मिळून आम्हा दोघांची एक वेळची भाजी झाली, तीसुद्धा कांदा वाढवून. बियाण्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. घरी गंमत म्हणून करणाऱ्याचं ठीक आहे. पण बचतगटातल्या बायका एकदम पन्नास-शंभर पिशव्या लावतात, त्यांना हे परवडत नाही. म्हणून नेमकं काय चुकलं ते समजून घेऊ.

सोडणात दोन गोष्टी असतात. एक लांब धागा, म्हणजे काथ्या. त्याचे दोर होतात, पायपुसणी होतात. दुसरा त्या धाग्यांच्या मधला तपकिरी, हलका, स्पंजासारखा भुसा. सोडणात धाग्यापेक्षा भुसाच जास्त निघतो, आणि काथ्याच्या कारखान्यांच्या बाजूला त्याचे डोंगर साठतात. हा भुसा आपल्या वजनाच्या पाच-सहा पट पाणी सहज पितो. पण अळंबीला नुसतं पाणी पुरत नाही, तिला खायलाही लागतं. आणि इथेच गाडी अडते. भुशात सुमारे ३० टक्के लिग्निन असतं. लाकडाला कडकपणा देणारा तो पदार्थ, पचवायला महाकठीण. नत्र तर नावालाच. कर्ब आणि नत्राचं प्रमाण ११२ ला १ असं धरतात. म्हणजे ताटात भाताचा ढीग आणि वरणाचा एक थेंब.

आता कुणी म्हणेल, धिंगरी तर लिग्निन खाते ना? खाते. किंबहुना तमिळनाडू कृषी विद्यापीठाने या भुशाचं खत करायची जी पद्धत दिली आहे, ती धिंगरीच्याच बुरशीवर चालते. एक टन भुशाला ५ किलो युरिया आणि दीड किलो धिंगरीचं बियाणं, थरावर थर, आणि साधारण महिनाभर ओलावा राखायचा. भुसा काळपट होतो, लिग्निन बरंचसं कमी होतं, कर्ब-नत्राचं प्रमाण २४ ला १ पर्यंत येतं. पण नीट बघा, तिथे बुरशीला कामाला लावलंय. तिच्याकडून खत हवंय, भाजी नकोय. आणि नत्राची सोय वरून केली आहे. आपण घरी खायच्या अळंबीत युरिया घालणार नाही. मग जेवण दुसरीकडून आणायचं, आणि भुशाला पाणी सांभाळायच्या कामावर ठेवायचं.

ते जेवण म्हणजे भाताचा पेंढा. कोकणात त्याला तोटा नाही. मी आता १ किलो सुक्या पेंढ्याला पाव किलो सुका भुसा असं प्रमाण धरतो. पेंढा अन्न देतो आणि पोकळी ठेवतो, त्यामुळे हवा खेळते. भुसा ओल धरतो. नुसता भुसा पिशवीत गच्च बसतो, आत हवा राहत नाही, आणि मग तो आंबूस वास येतो. माझ्या दोन पिशव्या त्यानेच गेल्या.

आता भुसा तयार करायचं मुख्य काम. बाजारातली लहान वीट साधारण ६५० ग्रॅमची असते. मोठ्या टबात ठेवून तिच्यावर चारेक लिटर पाणी ओता. अर्ध्या-पाऊण तासात ती फुगून आठ-नऊ लिटर भुसा होतो. पोरांना बोलवा, त्यांना बघायला मजा येते. पाणी चहासारखं तांबूस होईल. तो सोडणातला रंग आणि तुरटपणा. त्याबरोबर मीठही असतं. माड मुळात समुद्राकाठचं झाड, सोडणात क्षार असतातच. शिवाय केरळात सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून काथ्या काढायची जुनी रीत आहे, त्या भुशात खारटपणा आणखी. विटेवर क्षार कमी असल्याचं छापलेलं असलं तरी मी धुतोच. जुन्या सुती साडीत भुसा बांधायचा, वरून गोडं पाणी ओतायचं, पिळायचं. दोन-तीन वेळा. पाणी फिकं झालं की पुरे. खात्री नसेल तर त्यातला मूठभर भुसा वाटीत घेऊन मेथीचे दाणे टाका. चार दिवसांत मेथी नीट उगवली तर भुसा फार खारट नाही.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. कोरड्या विटेवर मोजून उकळतं पाणी ओतायचं आणि बादली झाकून ठेवायची, ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती चांगली आहे. पण ती कोरड्या विटेसाठी आहे. आपण भुसा धुतला म्हणजे तो आधीच पोटभर पाणी प्यायलाय. त्यावर पुन्हा चार लिटर ओतलं की चिखल होतो. शिवाय ओला गार भुसा पाण्याची उष्णता खाऊन टाकतो, आणि बादलीच्या मध्यभागी लागेल तेवढं तापतच नाही. म्हणून धुतलेला भुसा वाफवा. मोठ्या टोपात तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर फडक्यात सैल बांधलेला पिळलेला भुसा, वर झाकण. उकडीचे मोदक करता ना, अगदी तसंच, फक्त वेळ जास्त. वाफ जोरात आल्यापासून दीड तास. तळाचं पाणी आटू देऊ नका. पेंढा निराळा करायचा: बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायचा, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळायचा. माझ्याकडे साधा स्वयंपाकाचा तापमापक आहे, अंदाजापेक्षा तो बरा.

ओलावा किती? पेंढ्यासाठी पुस्तकात ६५ टक्के वगैरे आकडा देतात, तो नुसत्या भुशाला लावू नका. भुसा त्याहून जास्त पाणी पोटात ठेवूनही हाताला नुसता दमट लागतो. मूठ हेच मोजमाप. घट्ट दाबल्यावर बोटांतून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर पुन्हा पिळा. एकही थेंब नसेल तर उकळून गार केलेलं पाणी शिंपडा.

मग दोन्ही एकत्र करून पूर्ण गार होऊ द्या. घाईत कोमट मिश्रणात बियाणं घातलं तर ते मरतं, आणि रिकाम्या जागेवर हिरवी बुरशी बसते. ट्रायकोडर्मा. शेतात आपला मित्र, पिशवीत शत्रू. १ किलो पेंढ्याच्या या मिश्रणाला १२० ते १५० ग्रॅम बियाणं पुरतं. पिशवीला दहा-बारा भोकं, जागा अंधारी आणि हवेशीर. २५ अंशांच्या आसपास पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते. कुठे हिरवा डाग दिसला तर ती पिशवी घरात उघडू नका. बाहेर नेऊन पुरून टाका.

नुसत्या भुशाला मानाचं पान मिळतं ते दुधी अळंबीत, कॅलोसायबी इंडिका. ती आपल्या उन्हाळ्याची, ३० ते ३५ अंशांत खूष असणारी. तिला पेंढ्यावर धागा पसरल्यानंतर वरून आच्छादनाचा थर द्यावा लागतो, दोन-तीन सेंटिमीटर. त्या थराने अन्न द्यायचं नसतं, पाणी धरायचं असतं आणि हवा जाऊ द्यायची असते. भुशाचं कामच ते. धुऊन वाफवलेला भुसा आणि चांगलं कुजलेलं, तसंच वाफवलेलं शेणखत निम्मं-निम्मं, त्यात थोडी खडूची पूड. धिंगरीपेक्षा कोकणच्या उन्हाळ्याला हीच सोपी आहे असं माझं मत आहे, पण बियाणं मिळवायला जरा हिंडावं लागतं.

एक इशारा. धिंगरी काढायला उशीर केला की कडा वर वळतात आणि पांढरी पावडर उडते. ते बीजाणू. रोज श्वासात गेले तर खोकला, दमा होतो. पिशव्या झोपायच्या खोलीत टांगू नका, कडा वळण्याआधीच काढा, आणि आत जाताना तोंडाला रुमाल बांधा.

मघाशी एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: विटेऐवजी घरचीच सोडणं कुटून चालतील का? चालतील काकू, पण कुटणं जिवावर येतं. सोडणं आठवडाभर भिजवून, ठेचून, जाड चाळणीने भुसा वेगळा करा, आणि धुवा मात्र दुप्पट. आणि दुसरी चिठ्ठी, अळंबी निघाल्यावर उरलेलं पुन्हा वापरायचं का? पिशवीसाठी नाही. ते माडाच्या आळ्यात टाका.