मागील दारच्या कोंबड्या आणि घरातील वडीलधारी माणसे

आपल्या घराच्या मागील दारी पाच-दहा कोंबड्या असतील आणि त्यांची देखभाल सत्तरी ओलांडलेली आई, सासू किंवा वडील करीत असतील, तर एक संभाषण आपल्या घरी झालेच असेल. ‘आता पुरे झाले, विकून टाका त्या कोंबड्या,’ असे मुले म्हणतात. वडीलधारी माणसे गप्प राहतात किंवा रागावतात. मग कोणीतरी डॉक्टरांना मध्यस्थीस बोलावतो. दक्षिण कोकणातील एका तालुक्याच्या गावी मी गेली 27 वर्षे व्यवसाय करीत आहे आणि ही मध्यस्थी मी अनेकदा केली आहे. त्यांपैकी एकदा माझा निवाडा चुकला. तोच आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या नियमित रुग्णांपैकी 74 वर्षांच्या एक काकी. मधुमेह, रक्तदाब आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पती निवर्तलेले, मुलगा मुंबईस; घरी त्या आणि त्यांच्या अकरा कोंबड्या. श्रावणातील एका तिन्हीसांजेला खुराडा बंद करण्यास गेल्या असता जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. मुलाचा मला दूरध्वनी आला, “डॉक्टर, ती माझं ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.” मी सांगितले. मनगटाऐवजी खुबा मोडला असता तर काय झाले असते, याचे चित्रही उभे केले. ते खोटे नव्हते. चार दिवसांत कोंबड्या विकल्या गेल्या.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले, हाड उत्तम जुळले. दिवाळीनंतर काकी तपासणीस आल्या तेव्हा मात्र त्यांचे वजन साडेतीन किलोंनी उतरले होते आणि रक्तातील साखर वाढली होती. सकाळची गोळी कधी नऊ वाजता घेतलेली, कधी विसरलेली. जेवणाविषयी विचारले तेव्हा म्हणाल्या की एकटीसाठी दोन वेळा चूल कोण पेटवणार. अंडी घरात येत नव्हती आणि अंडी विकत आणून खाणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. अंडी न्यायला येणाऱ्या शेजारणींचे येणेही थांबले होते. मी झोपेविषयी विचारले. त्यावर त्यांनी मलाच विचारले, “आता सकाळी उठान मी करू काय, डॉक्टर?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कोंबड्या असताना त्यांचा दिवस कसा जात असे, हे मी त्या दिवशी प्रथमच विचारले. फटफटले की खुराड्याचे दार उघडायचे, कोंबड्या मोजायच्या, कण्या टाकायच्या, पाणी बदलायचे. कण्यांचा डबा आणि गोळ्यांची डबी एकाच फळीवर असे, त्यामुळे गोळी चुकत नसे. दहा-अकराच्या सुमारास अंडी शोधायची. दुपारी घार फिरू लागली की पिलांना हाकारायचे. सायंकाळी पुन्हा मोजणी. परसदारी दिवसाला पंधरा-वीस खेपा सहज होत. फिरायला जा, असे मी त्यांना दहा वर्षे सांगत होतो. त्या चालतच होत्या, आणि ते चालणे मीच बंद केले होते.

जानेवारीत पाच कोंबड्या परत आल्या. परंतु खुराडा मात्र पूर्वीचा राहिला नाही. आपल्या घरीही हाच प्रश्न असेल, तर कोंबड्या ठेवाव्यात की विकाव्यात हे ठरविण्यापूर्वी एकदा आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या मागोमाग सकाळ-संध्याकाळ परसदारी जावे आणि त्या कोठे वाकतात, कोठे आधार शोधतात, हे पाहावे.

बहुतेक घरी खुराडा किंवा डालगे जमिनीलगत असते. अंडी काढण्यासाठी खाली बसावे लागते, हात आत घालावा लागतो आणि मग एकदम उठावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीस असे एकदम उठताना भोवळ येते, कारण उभे राहताच रक्तदाब काही क्षण खाली घसरतो. खुराडा कमरेच्या उंचीवर, चार पक्क्या पायांवर उभारावा. अंडी घालण्याच्या कप्प्यास बाहेरून उघडणारी झडप असावी, म्हणजे वाकणे टळते. कोंबड्यांना वर चढण्यासाठी आडव्या पट्ट्या ठोकलेली तिरकी फळी पुरते. त्या दोन दिवसांत शिकतात. काकींच्या मुलाने हा खुराडा गावच्या सुताराकडून एका आठवड्यात करून घेतला.

वाट त्याहून महत्त्वाची आहे. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत जांभ्यावर शेवाळ धरते. ते ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशाने घासून काढावे लागते, आणि हे काम वृद्धांनी करू नये. मागील दारापासून खुराड्यापर्यंत खडबडीत वाट करावी आणि एका बाजूस कमरेच्या उंचीचा लोखंडी पाइप किंवा बांबू आधारास बांधावा. कोंबड्यांचे पाणी वाटेवर सांडू नये म्हणून भांडे दुसऱ्या बाजूस ठेवावे. कण्या टाकताना कोंबड्या पायांत घुटमळतात आणि त्यांना चुकविण्याच्या नादात तोल जातो, म्हणून कण्या खुर्चीवर बसून टाकाव्यात. मधुमेही व्यक्तीने परसदारी अनवाणी जाऊ नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर खिळा किंवा काच रुतलेली कळतच नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. अंगठ्याची सपाता नको.

खुराडा बंद करण्याची वेळ मी अर्धा तास अलीकडे आणवली. कोंबडीस अंधारात फारसे दिसत नाही, म्हणून ती उजेड असतानाच आपणहून आत जाते. काकींनाही अंधारात दिसत नव्हते, परंतु त्या कोंबड्यांइतक्या शहाणपणाने वागत नव्हत्या. (मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी त्याच वर्षी करून घेतली. त्याचे श्रेय कोंबड्यांना द्यावे लागेल, कारण मुंगूस कुंपणाशी आलेले दिसले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली होती.)

सापाविषयी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. नाग तर अंडी आणि पिलांसाठीही खुराड्यात शिरतो. डालग्यात न पाहता हात घालणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि दंश झालेले हात मी पाहिले आहेत. आधी विजेरीचा प्रकाश टाकावा, काठीने तूस हलवावे, मग हात घालावा. दाणा रात्री उघडा ठेवू नये. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नये; हातातील बांगड्या-अंगठ्या काढून, हात न हलविता, सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.

आता संसर्गाविषयी. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. तरुण माणसाला त्याने दोन दिवस जुलाब होतील. ऐंशीच्या वयात तेच जुलाब शरीरातील पाणी आटवून रुग्णालयात पोहोचवितात. यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. कोंबड्यांना, अंड्यांना, खुराड्यास हात लागला की साबणाने हात धुवावेत. साबण न्हाणीघरात नव्हे, मागील दाराच्या बाहेर नळापाशी ठेवावा, म्हणजे हात न धुता कोणी आत येत नाही. परसातील चप्पल स्वयंपाकघरात आणू नये. नातवंडे सुटीत आली की पिले गालाशी धरतात, त्यांचे मुके घेतात. पाच वर्षांखालील मुलांना तसे करू देऊ नये. घरात कोणाची केमोथेरपी सुरू असेल, कोणी दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असेल, तर त्या व्यक्तीने पिले हाताळू नयेत.

अंडी मळलेली असतील तर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत. आधीच धुवून ठेवल्यास कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो आणि जंतू आत शिरणे सोपे होते. धुवायचीच तर शिजविण्याच्या आधी धुवावीत. तडकलेले अंडे वृद्धांना देऊ नये. आणि अशक्त माणसास कच्चे अंडे दुधात फेटून देण्याची रीत कृपया सोडावी. कच्च्या अंड्याने अधिक ताकद येत नाही, उलट त्यातील प्रथिन शिजविल्यावर अधिक चांगले पचते. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम प्रथिन मिळते. दात नसलेल्या, पोळी-भाकरी चावू न शकणाऱ्या माणसास पूर्ण उकडलेले अंडे मऊ भातात कुस्करून देणे यासारखा सोपा आहार मला ठाऊक नाही. गावठी अंड्याचे तांबूस कवच अधिक पौष्टिक असते, हा मात्र समज आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, आणि बलकाचा गडदपणा तिने खाल्लेल्या हिरव्या पाल्यावर.

दमा किंवा जुनाट खोकला असलेल्या व्यक्तीने खुराडा झाडू नये. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांस बाधते. हे काम आठवड्यातून एकदा दुसऱ्या कोणी, नाकातोंडावर मास्क बांधून आणि आधी पाणी शिंपडून करावे. खत माडाच्या किंवा केळीच्या मुळाशी घालावे. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ताजे घालू नये.

कोंबड्यांच्या आजारांत आपल्याकडे सर्वाधिक नुकसान करते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. पहिल्या आठवड्यात लासोटा लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस दिल्यास ती बहुतांशी टळते. लसीची बाटली शंभर किंवा अधिक मात्रांची असते, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून चार-पाच घरांनी एकत्र येऊन लस द्यावी. हा विषाणू हाताळणाऱ्याच्या डोळ्यांत गेल्यास डोळे लाल होतात. काही दिवसांत ते बरे होतात, परंतु हात डोळ्यांस लावू नयेत.

यासंदर्भात एक तक्रार नोंदवितो. कोंबडी पेंगू लागली की आपल्यासाठी दिलेल्या अँटिबायोटिकची उरलेली कॅप्सूल फोडून तिला पाजणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. मानमोडी विषाणूने होते, तिच्यावर या औषधाचा काही उपयोग नाही. औषधाचा अंश मात्र अंड्यात उतरतो, आणि रुग्णाचा डोस अर्धवट राहतो तो वेगळाच.

बर्ड फ्लूची भीती अनेक घरी कोंबड्या विकण्याचे निमित्त ठरते. 2006 च्या फेब्रुवारीत भारतातील पहिला प्रादुर्भाव आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला, तेव्हा अंडे पाहूनही लोक दचकत होते. सर्व भागांत 70 अंश सेल्सिअसपर्यंत शिजलेल्या अंड्यातून किंवा मांसातून हा विषाणू लागत नाही. धोका असतो तो आजारी किंवा मेलेले पक्षी उघड्या हाताने हाताळण्यात, सोलण्यात. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्यांना हात लावू नये, त्या खाऊ नयेत, नदी-नाल्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. त्यानंतरच्या दहा दिवसांत घरात कोणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आवर्जून सांगावी. आम्ही विचारायला विसरतो.

राहिली संख्या. एका वृद्ध व्यक्तीस पाच-सहा कोंबड्या पुरेत. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, आणि आरी मारणारा कोंबडा तर घरात नकोच. त्याने पिंढरीवर केलेल्या जखमेस मी टाके घातले आहेत आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जाती अधिक देतात, परंतु त्या जड असतात आणि घार आली तरी चटकन पळत नाहीत.

शेवटी, दूर राहणाऱ्या मुलांसाठी एक काम आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवावा. कोंबड्या किती, दाणा कोठे, लस केव्हा दिली, आणि आई आजारी पडल्यास खुराडा कोण उघडेल व बंद करील, त्याचे नाव आणि दूरध्वनी. ही व्यवस्था नसेल तर वृद्ध माणसे रुग्णालयात दाखल होण्यास नकार देतात आणि कारण सांगत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात काकींना तापामुळे तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. कागद दारामागे होता, शेजारची सून सकाळ-संध्याकाळ येत होती, म्हणून त्या वाद न घालता दाखल झाल्या. घरी परतल्या तो त्यांची एक कोंबडी खुडूक बसलेली, आणि त्या सुनेने आपल्या घरची सात अंडी तिच्याखाली ठेवलेली. न विचारता ठेवली म्हणून काकी दोन दिवस रागावल्या होत्या. एकविसाव्या दिवशी पाच पिले निघाली. कोंबड्या पाचांहून अधिक ठेवायच्या नाहीत, असा आमचा करार आहे. तो बदलावा असे त्यांचे म्हणणे आहे. पुढील तपासणीस साखर पाहून ठरवू, असे मी सांगितले आहे.