पाळकांचा सल्ला आणि विश्वासणाऱ्याचा विवेक: गैरसमज व वस्तुस्थिती

परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती समाजाचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि तेथील कॅथलिक मंडळी 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडत असल्याने बिशपांचे पीठही जिल्ह्याबाहेर आहे. अशा विरळ वस्तीत सोयरीक, शिक्षण, कर्ज, आजारपण अशा सर्वच प्रश्नांचा भार एखाद्या पाळकावर किंवा फादरांवर पडणे स्वाभाविक असते, म्हणूनच या सल्ल्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट असणे आवश्यक ठरते.

गैरसमज 1: सल्ला मागणे हे कमकुवत विश्वासाचे लक्षण आहे.

वस्तुस्थिती: बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात खुद्द मोशे आपला सासरा इथ्रो याचा सल्ला मानतो आणि न्यायनिवाड्याचे काम इतरांत वाटून देतो, इथ्रो हा इस्राएली नसून मिद्यानी याजक होता, हे येथे लक्षणीय आहे. उलट, वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारून सवंगड्यांचे ऐकणाऱ्या रहबाम राजाच्या हातून दहा वंशांचे राज्य गेले. नीतिसूत्रांचा ग्रंथही एका सल्लागारावर न थांबता अनेकांचा सल्ला घेण्यावर भर देतो.

गैरसमज 2: आध्यात्मिक पुढाऱ्याचा सल्ला म्हणजे देवाची आज्ञा.

वस्तुस्थिती: प्रत्यक्ष पौलाची शिकवणही बिरुया येथील लोकांनी शास्त्राशी ताडून पाहिली, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केली आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेतील याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (1858–1922). 1848 साली बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठ उर्फ नेहेम्या गोरे यांच्या विचारांचा रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयावर प्रभाव पडला आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर मात्र त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची सत्ता यांवरून मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, ज्यात आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. ही पत्रे 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मतभेद होऊनही रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही. सल्लागाराशी असहमती म्हणजे विश्वासत्याग नव्हे, हे त्यावरून दिसते.

गैरसमज 3: धर्मगुरूंशी झालेले प्रत्येक बोलणे सारखेच गुप्त असते.

वस्तुस्थिती: कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या विधीत, सांगितलेली गोष्ट उघड करण्यास 1983 च्या धर्मसंहितेनुसार सक्त मनाई आहे. घरभेटीतील किंवा कार्यालयातील सल्ल्याचे संभाषण मात्र या विधीत मोडत नाही, जरी तेथेही विश्वास राखणे हे पाळकाचे नैतिक कर्तव्य असते. शिवाय बालकांवरील लैंगिक अत्याचारांबाबतच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळलेल्या व्यक्तीने पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. त्यामुळे असे प्रकरण मंडळीतल्या मंडळीत मिटवण्याचा सल्ला कोणालाही देता येत नाही.

गैरसमज 4: प्रार्थना आणि सल्ला असताना डॉक्टरची गरज नाही.

वस्तुस्थिती: याकोबाचे पत्र आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलावून प्रार्थना करण्यास सांगते, पण औषधोपचार वर्ज्य ठरवत नाही, पौलाचा सोबती लूक हा तर स्वतः वैद्य होता. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. नैराश्यासारख्या मानसिक आजारात पाळकाचा धीर मोलाचा असला, तरी निदान व उपचार हे तज्ज्ञाचेच काम असून, 2022 पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.

म्हणून जेथे पाळक एकच असतो, तेथे मंडळीतील ज्येष्ठ स्त्री-पुरुष, डॉक्टर आणि वकील यांनाही विचारावे, मिळालेला सल्ला वचनाशी ताडून पाहावा आणि निर्णय स्वतः घ्यावा. कारण रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायानुसार देवापुढे प्रत्येकाला स्वतःचाच हिशेब द्यायचा आहे, सल्लागाराचा नव्हे.