लाईट गेली की वर येणारी पाणबुडी

लातूर-नांदेडकडे बोअरची मोटर जळाली की ती वर काढतात, टेम्पोत टाकतात आणि वायंडिंगवाल्यापुढे आणून आडवी करतात. तिथं घटकाभर उभं राहिलं की एक उलटीच गोष्ट दिसते. या मोटरीत पाणी शिरू नये म्हणून कुणी जिवाचा आटापिटा करत नाही. नवं वायंडिंग भरून झालं की कारागीर बोल्ट काढून तिच्या पोटात स्वच्छ पाणी ओततो, बुडबुडे थांबेपर्यंत. तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्यामुळे पाणी तिचं काही बिघडवत नाही. आतबाहेर दाब जवळपास सारखा, मग सीलवर ताण येणार कुठून? काही मोटरी तेलाच्या असतात, पण तत्त्व तेच.

स्वतःची पाणबुडी बांधणारे हौशी लोक बाहेरच्या पंख्यांच्या मोटरींना हीच युक्ती वापरतात. बहुतेक तेल भरून. अशा लोकांची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. तिथल्या नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रेज छोट्या पाणबुड्या बांधत आणि आराखडेही विकत. त्यांची के-२५० एकट्यासाठी, २५० फुटांपर्यंत जाणारी, के-३५० दोघांची. कार्ल स्टॅनली याने तर पंधराव्या वर्षी पहिली पाणबुडी बांधायला घेतली आणि तिला मोटरच ठेवली नाही. वजन कमी-जास्त करायचं आणि पंखांवर तरंगत पुढे सरकायचं. आपल्याकडे पाणबुडी म्हटलं की माझगाव डॉक. तिथं बांधलेली ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. पण तो पसारा वेगळा. इथं विचार एका माणसाचा, आणि मराठवाड्यातल्या वर्कशॉपमध्ये जमेल तेवढाच.

जमण्यासारखं बरंच आहे. ३५० फुटांवर दर चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलोच्या वर दाब येतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या खिडकीवर सात टनांहून जास्त भार. म्हणून जाड अॅक्रिलिकची खिडकी शंकूसारखी तासतात, म्हणजे पाणी जितकं रेटेल तितकी ती बैठकीत घट्ट बसते. सांगाड्याला बॉयलर प्लेट चालते, आणि बॉयलर प्लेट वाकवणारे, वेल्डिंग करणारे लोक साखर कारखान्यांमुळे या भागाला नवे नाहीत. फक्त बॉयलरची सवय इथं घातक ठरू शकते. बॉयलरला दाब आतून असतो. टाकी किंचित वाकडी असली तरी आतला दाब तिला गोल करू पाहतो. बाहेरून दाब आला की तोच वाकडेपणा वाढत जातो आणि टाकी एका क्षणात चेपते. कारखान्यात याच्या जवळ जाणारं भांडं म्हणजे व्हॅक्यूम पॅन, पण त्याला बाहेरून फार तर हवेचा दाब सोसायचा असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. पाणबुडीला त्याच्या दहापट सोसून गोल राहायचं असतं. सांगाड्याला आतून गोल रिंगा का मारतात, ते इथं कळतं.

आता खरा विषय, कंट्रोलचा. नव्या माणसाला वाटतं की पाणबुडी बुडवणं अवघड. बुडवणं सोपं आहे. मधेच थांबवणं अवघड. बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाकीत थोडी हवा राहिली असेल तर दहा मीटरवर ती निम्म्या जागेत मावते. जागा आटली की उचल कमी, उचल कमी झाली की आणखी खाली, खाली गेलं की हवा आणखी आटते. वर येताना हेच उलटं. म्हणून मोठी टाकी पूर्ण भरायची आणि बारीक जुळवाजुळव एका छोट्या, दाब सोसणाऱ्या टाकीतून लिटर-लिटरने करायची. खोली मोजणारा सेन्सर आणि त्याला जोडलेला मुठीत मावणारा कंट्रोलर हे काम छान करतात. नांदेडच्या विष्णुपुरीला श्री गुरु गोविंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना यात नवल वाटणार नाही.

नवल दुसरीकडे आहे. मराठवाड्यातला शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून झोपतो. रात्री दोनला लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आपल्या हाताला लागलेली सवय ही: वीज आली की यंत्र चालू. पाणबुडीत याच्या बरोबर उलटं वायरिंग लागतं. वीज गेली की यंत्राने वर यायचं, आणि परत आली तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय पंखा फिरायचा नाही. २३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्ते’ ही पाणबुडी मारियाना गर्तेच्या तळाशी उतरली, तेव्हा तिचं लोखंडी छऱ्यांचं वजन विद्युतचुंबकाने धरून ठेवलं होतं. वीज खंडित झाली असती तर छरे आपसूक सांडले असते. घरगुती पाणबुडीत शिशाचं वजन आतून दांडा फिरवून सोडता येतं. त्याला ना बॅटरी लागते, ना प्रोग्राम. माझ्या मते पैसे आधी या दांड्यावर खर्चावेत, स्क्रीनवर नंतर.

जून २०२३ मध्ये ‘टायटन’ ही पाणबुडी चेपली आणि पाच जण गेले, तेव्हा ती व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने चालवत म्हणून जगभर थट्टा झाली. पण अमेरिकी नौदलही पेरिस्कोपच्या जागी आलेले कॅमेरे तसल्याच कंट्रोलरने फिरवतं. चिरडला तो कार्बन फायबरचा सांगाडा.

हवेचा हिशेबही ढोबळमानाने होत नाही. आत हजार लिटर हवा असेल तर शांत बसलेला माणूस साधारण अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड एक टक्क्यावर नेतो. ऑक्सिजन पुरेसा असतो, पण डोकं जड व्हायला लागतं. त्यावर उपाय सोडा लाइम, म्हणजे मुख्यतः चुना. ऑपरेशन थिएटरमधल्या भुलीच्या यंत्रात असतात तेच दाणे. संपत आले की बरेचदा जांभळे पडतात. त्यातून हवा फिरवणारा छोटा पंखा वेगळ्या बॅटरीवर हवा.

आणि वजन जुळवताना पाणी कुठलं ते विचारावं. गोदावरीत जुळवलेली दोन टनांची पाणबुडी मालवणला नेली तर बुडायलाच तयार होणार नाही. समुद्राचं पाणी घनमीटरमागे सुमारे पंचवीस किलो जड, म्हणजे आणखी पन्नासेक किलो शिसं सोबत न्यावं लागेल.