पापडाचे विपणनशास्त्र

‘मार्केटिंग म्हणजे काय?’ असे मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी विचारतो. बहुतेकांचे उत्तर ‘जाहिरात’ किंवा ‘विक्री’ असते. मागच्या बाकावरून एखादा ‘गळ्यात मारणे’ असेही सांगतो. परीक्षेपर्यंत सर्वांचे ‘चार पी’ पाठ झालेले असतात, पण मनातले पहिले उत्तर बदललेले नसते. याची किंमत वर्गाबाहेर मोजावी लागते. गावोगावच्या महिला बचत गटांचे पापड जिल्ह्याच्या प्रदर्शनात चार दिवस खपतात आणि नंतर डब्यात पडून राहतात. माल चांगला असतो, कष्टही प्रामाणिक असतात. मग अडते कुठे? या प्रश्नाच्या आधाराने विपणनाच्या मूळ संकल्पना तपासून पाहू. उदाहरणही पापडाचेच घेऊ.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या वर्षाची विक्री सहा हजार रुपयांच्या थोडी वर गेली. १९६२-६३ मध्ये ती १ लाख ८२ हजारांवर पोहोचली. हाच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाला.

गरज, इच्छा, मागणी

भूक ही गरज. खिचडीबरोबर भाजलेला उडदाचा पापड हवासा वाटणे ही इच्छा. त्यासाठी पैसे मोजण्याची ऐपत आणि तयारी असली, की ती मागणी. विक्रेता गरज निर्माण करू शकत नाही; इच्छेला दिशा देऊ शकतो. पापड तर घरोघर होतच होते. मग ते विकत का घ्यावेत? महानगरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाळवण घालायला जागा नाही, लाटायला चार हात नाहीत. अशा घराला पापडाबरोबर सुटका हवी असते. ग्राहक वस्तूसाठी पैसे देतो तेव्हा आपली अडचण दूर होण्यासाठीच देत असतो. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० साली आपल्या गाजलेल्या निबंधात अमेरिकी रेल्वेचे उदाहरण देऊन हेच मांडले. आपला धंदा रेल्वेचा आहे असे कंपन्या मानत राहिल्या, तो वाहतुकीचा आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि प्रवासी मोटारीकडे व विमानाकडे गेले.

विक्री आणि विपणन यांतला फरक इथेच कळतो. विक्री तयार मालापासून सुरू होते, विपणन ग्राहकाच्या अडचणीपासून.

चार पी

वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसार ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडली. पाठ करायला ती सोपी आहे. मात्र हे चार सुटे कप्पे नाहीत. एकाला हात लावला की उरलेले तीनही हलतात.

वस्तूपासून सुरुवात करू. सुरुवातीला या भगिनी दोन प्रतींचे पापड करत. हलक्या प्रतीचे स्वस्तात विकावेत असा विचार होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजेच छगनबापा, यांनी सल्ला दिला की प्रत एकच ठेवा आणि तिच्याशी तडजोड करू नका. दुसरी अडचण पावसाची होती. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाटेखाली शेगडी अशी युक्ती निघाली. विपणनाच्या दृष्टीने ही घटना मला फार मोलाची वाटते. ज्या दुकानात माल आठ महिने मिळतो आणि चार महिने मिळत नाही, तिथला ग्राहक टिकत नाही. नेहमी तीच चव आणि नेहमी उपलब्धता, हे वस्तूचेच गुण आहेत.

किंमत म्हणजे खर्च अधिक नफा, एवढेच गणित नव्हे. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ पावडर सायकलवरून दारोदार विकायला काढली, ती किलोला सुमारे तीन-साडेतीन रुपयांनी. ‘सर्फ’ची किंमत तिच्या कित्येक पट होती. महागडी पावडर न परवडणारा मोठा वर्ग निरमाकडे वळला. सर्फने किंमत निरमाइतकी खाली आणली नाही. ‘ललिताजी’ या चोखंदळ गृहिणीच्या तोंडून स्वस्त आणि किफायतशीर यांतला फरक सांगितला. पुढे त्याच कंपनीने स्वस्त वर्गासाठी ‘व्हील’ ही वेगळी पावडर आणली. ग्राहकांचे गट पाडणे म्हणजे बाजार-विभाजन आणि प्रत्येक गटाच्या मनात आपली ठरावीक जागा करणे म्हणजे स्थाननिश्चिती. या दोन्ही संज्ञा या एका लढतीत समजतात.

वितरणात लिज्जतची घडी साधी आहे. मळलेले पीठ केंद्रावरून मिळते, भगिनी घरी पापड लाटून आणतात आणि मजुरी घेऊन जातात. वितरक रोख पैसे देऊन माल उचलतो, कारण मजुरी रोजची भागवायची असते. पीठ एका जागी मळल्यामुळे हजारो हातांच्या पापडाला एकच चव येते.

प्रसार मी मुद्दाम शेवटी घेतला. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली एका स्पर्धेतून निवडले गेले. बक्षीस होते पाच रुपये. रामदास पाध्ये यांच्या सशाच्या बाहुल्याची जाहिरात घराघरांत पोहोचली ती नंतर. जाहिरात पहिले पाकीट खपवते. दुसरे पाकीट पापडालाच खपवावे लागते. खोटे सांगून खपवलेला माल तर दुसऱ्यांदा कोणी घेत नाही, शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंडाची तरतूद आहे.

बचत गटाकडे परत

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. प्रदर्शनातला ग्राहक कौतुकाने एक पाकीट घेतो. ते आवडले, तर दुसरे कुठे मिळेल हे त्याला माहीत नसते. पाकिटावर लक्षात राहील असे नाव नसते, पुढच्या खेपेला मीठ-मिरीचे प्रमाण तेच असेल याची खात्री नसते. त्या पापडाला जाहिरातीआधी ठरलेले माप, ठरलेले दुकान आणि ठरलेले नाव हवे आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना मी प्रकल्पासाठी एकच काम सुचवतो. आपल्या गावातल्या गटाचे पापड एकदा घेऊन पुन्हा न घेतलेली दहा घरे शोधा. ‘आवडले का?’ असे विचारू नका. तोंडावर सगळेच हो म्हणतात. ‘दुसऱ्यांदा का घेतले नाहीत?’ असे विचारा आणि मिळालेली उत्तरे, गोड असोत वा कडू, गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. विपणनाचा पहिला धडा त्या बैठकीत होईल, आणि त्याचा उपयोग तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा पापड लाटणाऱ्या त्या बायकांना अधिक होईल.